अडतीस दातांचं चाक

काकांचा घड्याळावर विश्वास नव्हता. मनगटावर किल्लीचं घड्याळ असायचं, पण ते फक्त कारखान्याचा भोंगा वेळेवर झाला की नाही हे तपासायला. तेलाची जाडी मोजायची तर त्यांना पाढे लागत. एका जुन्या तसबिरीची काच त्यांनी फ्रेममधून सोडवून ठेवली होती. ती भिंतीला तिरकी टेकवायची, वरच्या कडेला तेलाचा एक थेंब सोडायचा आणि बेच्या पाढ्यापासून सुरुवात करायची. थेंब खालच्या कडेला पोचला की थांबायचं. शिवणयंत्राचं तेल बे सक बाराला खाली. रिक्षाच्या गिअरबॉक्समधलं चारच्या पाढ्याला. एरंडेल नवाच्या पाढ्यापर्यंत दम धरायचं. मग त्या बाटलीवर चिठ्ठी लागायची : ‘नवाचं तेल’.

मी डिप्लोमा इंजिनिअर. तेलाची जाडी मोजायचं शास्त्र मला येत होतं, त्याचा तक्ता असलेलं पुस्तकही माझ्याकडे होतं. पाढे मात्र मला पंधरापुढे येत नव्हते. त्यामुळे पंधराच्या पुढचं कुठलंही तेल मला काकांशिवाय मोजता येत नसे, आणि माझ्या ट्रकला लागणारं तेल नेमकं पंधराच्या पुढचं होतं.

ट्रकचं सांगायला हवं, कारण इथूनच माझी लाज सुरू होते.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये आमचा कारखाना होता. परातीएवढ्या मोठ्यापासून शर्टाच्या गुंडीएवढ्या लहानापर्यंत सगळ्या मापाची दातेरी चाकं आम्ही बनवायचो. कंपनीने दातांचं माप तपासणारं एक यंत्र जपानहून मागवलं आणि ते शिकायला मला तीन आठवडे तिकडे पाठवलं. मीच का, तर माझ्या वरच्या दोघांना कच्चा मासा खायची भीती वाटत होती. निघताना बायकोने एकच गोष्ट मागितली होती, भात शिजवायचा विजेचा कुकर. मी परत आलो ते रिमोटवर चालणारा एक लाल ट्रक घेऊन. माझं वय तेव्हा एकतीस होतं. आम्हाला मूल नव्हतं, म्हणजे सबब सांगायलाही कोणी नव्हतं.

कुकर मिळाला नाही असं मी तिला सांगितलं. जपानमध्ये. भाताचा कुकर.

ट्रक मी डोंबिवलीच्या आमच्या घरात माळ्यावर, रिकाम्या सुटकेसमध्ये लपवला. रविवारी ती माहेरी कल्याणला गेली की मी तो काढायचो आणि गच्चीवर फिरवायचो. दुसऱ्याच रविवारी तो पाण्याच्या टाकीवर आपटला, आतून करवतीसारखा आवाज आला आणि मोटर नुसतीच फिरायला लागली. मोटरीशेजारच्या मोठ्या नायलॉनच्या चाकाचे चार दात गेले होते. सबंध ठाणे जिल्ह्यात ते चाक कुठे मिळण्याची शक्यता नव्हती. मी रोज दातेरी चाकांच्याच कारखान्यात जात होतो हे मला आठवायला तीन दिवस लागले.

तेव्हा मी काकांकडे गेलो.

सगळा कारखाना ज्यांना काका म्हणायचा, ते आमच्या टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं आणि साचे बनवायच्या खात्यात, चार्जहँड होते, फोरमनच्या खालोखाल. मूळचे राजापूरकडचे, राहायला कळव्याला. अंगाने किडकिडीत, निळा युनिफॉर्म नेहमी इस्त्रीचा, आणि जेवणाच्या सुट्टीत सेफ्टी शूज काढून घालायच्या करकर वाजणाऱ्या कोल्हापुरी चपला. चाकाचे दात ते डोळ्याने मोजत नसत. अंगठ्याचं नख दातांवरून सरकवत नेत आणि आकडा सांगत. त्यांच्यासमोर ‘साधारण’ हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. चहावाला म्हणाला, “साधारण पाच मिनिटांत आणतो,” तर हे विचारणार, “साधारण म्हणजे किती? चार की सहा?” तो बिचारा तेव्हापासून काकांना बघितलं की काही न बोलता चहा ठेवून जायचा.

चारचौघांत ते मला साहेब म्हणत, अहोजाहो करत. मी वयाने त्यांच्या मुलासारखा असलो तरी हुद्द्याने वरचा होतो. दोघंच असलो की मात्र लगेच अरेतुरे. “साहेब, आपण म्हणता तसंच करू,” असं सगळ्यांसमोर म्हणायचे आणि लोक पांगले की, “अरे, तुला डोकं आहे का?” मला ते दुसरं जास्त आवडायचं.

त्यांनी ते तुटकं चाक नखाने चाचपलं.

“अडतीस,” म्हणाले. “कशाचं आहे?”

मी भाच्याच्या खेळण्याचं आहे असं सांगितलं.

“भाचा कितवीत आहे?”

“चौथीत.”

“आणि त्याने डोंबिवलीहून तुला ऑफिसच्या बॅगेतून खेळणं आणायला सांगितलं? रुमालात गुंडाळून?” त्यांनी चाक खिशात टाकलं. “रविवारी कळव्याला ये. गाडी घेऊन ये. भाच्याला आणू नकोस.”

पुढची दोन वर्षं माझे बहुतेक रविवार कळव्याला काकांच्या गॅलरीत गेले. नायलॉनच्या कांबीचे उरलेले तुकडे ते कंपनीला विचारून, सही करून घरी आणत आणि जेवणाच्या सुट्टीत मिलिंग मशीनवर त्याचे दात पाडत. आधीच्या मॅनेजरांनी तेवढी मुभा त्यांना दिली होती, कारण त्या सुट्टीत कारखान्याचीही कितीतरी अडलेली कामं काका करून टाकत. ट्रक एकदा हातात आल्यावर तो माझा राहिला नाही. त्यांनी तो पूर्ण उघडला, प्रत्येक भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडला आणि मागच्या दोन चाकांच्या मधली एक डबी उचलून मला विचारलं, “हे काय आहे?”

“डिफरन्शियल,” मी म्हणालो, आणि पुस्तकातली व्याख्या सांगायला लागलो.

“थांब. जिन्यावरून कधी कपाट उतरवलंयस? वळणावर बाहेरच्या माणसाला जास्त चालावं लागतं, आतल्याला कमी. आतला म्हणाला, मीही तेवढाच चालणार, तर कपाट भिंतीत. ही डबी दोघांना जमवून घ्यायला लावते. आत चिमुकली चाकं आहेत आणि तेल आहे. तेल पातळ असलं की जो मोकळा, तोच फिरत बसतो. एक चाक हवेत उचललं की सगळा जोर त्याच्याकडे, गाडी जागच्या जागी. तेल फार घट्ट असलं की दोघं एकमेकांना सोडतच नाहीत, मग गाडी वळत नाही.”

“म्हणजे मधलं घालायचं.”

“मधलं म्हणजे साधारण का?”

ह्या तत्त्वज्ञानाने मी इतका भारावलो की त्याच रात्री जेवताना बायकोला म्हणालो, संसारातही आपल्यामध्ये तेल योग्य जाडीचं हवं. ती म्हणाली, “आधी डब्यात आहे का बघा. कालच संपलंय.”

तेल शोधण्यात आमचे सहा-सात महिने गेले. नवाच्या पाढ्याचं म्हणून एरंडेल ठरलं, ते आणायला मी डोंबिवलीच्या ओळखीच्या दुकानात गेलो आणि मोठी बाटली मागितली. दुकानदाराने आपुलकीने विचारलं, किती दिवसांपासून आहे? संध्याकाळपर्यंत ही बातमी कल्याणला सासूबाईंकडे पोचली. पुढच्या रविवारी त्यांनी माझ्यासाठी भिजवलेल्या मनुका पाठवल्या. एरंडेल शेवटी चिकट होऊन डबीत बसलं ते बसलंच. मनुका मात्र बरेच दिवस पुरल्या.

मग मी स्वतःच्या डोक्याने मध घालून बघितला. काकांना न विचारता. मध तेविसाच्या पाढ्याचा निघाला असता, मला तेवढे पाढे येत नसल्यामुळे मी अंदाजाने घातला. दोन दिवसांनी माळ्यापासून भिंतीवरून खाली, दिवाणखान्यातून थेट स्वयंपाकघरापर्यंत मुंग्यांची रांग लागली. बायकोने स्टूल घेऊन त्या रांगेचा माग काढला. मी घरी आलो तेव्हा डायनिंग टेबलावर लाल ट्रक होता आणि त्याच्यासमोर ती.

“कुकर मिळाला नाही,” ती म्हणाली.

मी ट्रकवरची एक मुंगी बोटाने बाजूला केली.

“मिळाला नाही ना?”

पुढे महिनाभर आमच्याकडे भात साध्या पातेल्यात आणि मुद्दाम खाली लागलेला होत होता.

खरं तेल काकांना सापडलं ते स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे. त्या मशीनच्या रोलरला एक बिनवासाचं, पाण्यासारखं स्वच्छ तेल लावतात. काकांनी बोटावर घेऊन अंगठ्याने चोळलं आणि तो अंगठा कानाशी नेला. तेलाचा आवाज ऐकायची त्यांना सवय होती. मी खूपदा ऐकून बघितलं, मला माझंच बोट ऐकू यायचं. घरी काचेवर ते तेल एकोणिसाच्या पाढ्याला उतरलं. जानेवारीत एकोणीस, मे महिन्यातही जवळपास एकोणीस. काका इतके खूश झाले की त्यांनी मला दुसरा चहा विचारला. “हे तेल ऋतू बघत नाही,” म्हणाले. “माणूस असा असायला हवा.” ते तेल घातल्यावर ट्रक कळव्याच्या खाडीकडच्या मैदानात दगडधोंड्यांवरून असा वळायला लागला की क्रिकेट खेळणारी पोरं खेळ थांबवून बघत राहिली.

दुसरा मुद्दा दातांचा. मला वाटायचं, नायलॉनचं चाक सारखं तुटतं, तर पितळेचं का करू नये? मी हे चारदा विचारलं. चौथ्यांदा काकांनी हातातला पान्हा खाली ठेवला.

“गाडी आपटणार की नाही?”

“आपटणार.”

“मग कुठेतरी तुटणारच. कुठे तुटायचं ते आपण ठरवायचं. हे मोठं चाक बाहेर आहे, चार स्क्रू काढले की हातात येतं. म्हणून ते मऊ ठेवायचं. एक मऊ ठेवलं की बाकीची वाचतात. सगळीच कडक केलीस तर धक्का थेट डबीत जाईल. ती डबी मी कुठून आणू? जपानहून?”

मला पटलं. म्हणजे मी मान हलवली.

आता कोटाचं. आमच्याकडे कामगारांना निळा युनिफॉर्म आणि फोरमनला पांढरा कोट असायचा. काका बावीस वर्षं निळ्यात होते. टूलरूमचे फोरमन त्या दिवाळीला निवृत्त होणार होते आणि त्यांच्यानंतर काका, हे सगळे धरून चालले होते. निवृत्तीआधीची शेवटची तीन वर्षं पांढऱ्या कोटात काढायची, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती ते कोणाला कळू देत नसत. “कोटात काय आहे? न्हाव्याकडेही असतो,” असं म्हणायचे. पण एकदा मी जेवणाच्या सुट्टीत टूलरूममध्ये डोकावलो, तर खुंटीला टांगलेल्या फोरमनच्या कोटाच्या खिशात काकांनी स्टीलची पट्टी घातली होती. खोली मोजत होते. मला बघून पट्टी काढली आणि म्हणाले, “माप घ्यायचा व्हर्नियर बसत नाही ह्यात. अर्धा इंच कमी आहे. मी सहा इंचाचा करून घेणार. डावा खिसा आतून रेक्झिनचा, तेलाची बाटली कलंडली तर.” मग लगेच, “जा ना, काय बघतोस?”

आणि ह्या माणसाचा कोट मी घालवला.

झालं असं की डोंबिवलीत माझ्या ओळखीचा एक दातांचा डॉक्टर होता. त्याच्या भावाने त्याला दुबईहून तसाच ट्रक आणून दिला, तोही सगळी चाकं धातूची असलेला. दातांचा डॉक्टर, त्याच्या गाडीचा एकही दात पडेना. आम्ही एका रविवारी शीळफाट्याजवळच्या माळावर शर्यत ठरवली. दोन प्रौढ माणसं, एक डॉक्टर आणि एक इंजिनिअर, एका खेळण्यासाठी आठवडाभर नीट झोपलो नव्हतो. आदल्या शनिवारी माझा धीर सुटला. आपलं चाक ऐन वेळी गेलं तर? म्हणून काकांना न सांगता मी पितळेचं चाक करायचं ठरवलं. तेही कंपनीच्या पितळेचं, विचारल्याशिवाय, सहीशिवाय.

मिलिंग मशीनवर दात पाडताना चाक एका दांड्याने थोडं थोडं फिरवावं लागतं. त्या दांड्याखाली भोकांची गोल तबकडी असते. अडतीस दातांसाठी प्रत्येक दाताला दांड्याची एक पूर्ण फेरी आणि वर एक भोक. कारखान्याच्या भाषेत, एक फेरी, एक होल. काका हे पुटपुटत काम करायचे, मी शेकडो वेळा ऐकलं होतं. जेवणाच्या सुट्टीत टूलरूम रिकामी होती. एक फेरी, एक होल. एक फेरी, एक होल. विसाव्या दाताला बाहेर चपलांची करकर ऐकू आल्यासारखं वाटलं. वळून बघितलं, दारात कोणी दिसलं नाही. पुन्हा कामाला लागलो आणि घाईघाईने संपवलं. शेवटचा दात बाकीच्यांच्या जवळपास तिप्पट जाड आला.

चूक कळायला मला वेळ लागला नाही. विसाव्या दातानंतर मी नुसत्या फेऱ्या देत होतो, होल विसरलो होतो. नवं करायला वेळ नव्हता. मी तो जाड दात कानशीने घासून बारीक केला. चाक फिरत होतं, फक्त दर फेरीला टक् असा आवाज करायचं. मी स्वतःला सांगितलं, माळावर वारा असतो, ऐकू येणार नाही.

शर्यत चाळीस पावलं चालली. माझा ट्रक टक् टक् करत पुढे होता, हे मी अजूनही लोकांना सांगतो. मग तो एका दगडावर आदळला. पितळेचं चाक जसंच्या तसं राहिलं. डबी फुटली, आतली चिमुकली चाकं भुकटी झाली, एक दांडा वाकला आणि एकोणिसाच्या पाढ्याचं ते सुंदर तेल शीळफाट्याच्या मातीत मुरलं. डॉक्टरने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “मुळापासूनच काढावं लागेल.”

सोमवारी सकाळी मी ते पितळेचं चाक खिशात घालून कारखान्यात गेलो. पितळेच्या भंगाराच्या पेटीत टाकलं की कोणाला कळणार नाही, अशी माझी योजना. त्याच आठवड्यात नवे वर्क्स मॅनेजर, पितळ फार वाया जातंय म्हणून, ती पेटी रोज स्वतः तपासत होते, हे मला माहीत असायला हवं होतं. तसं परिपत्रक मीच टाइप करून घेतलं होतं.

अकरा वाजता त्यांनी सगळ्यांना टूलरूममध्ये बोलावलं. चाक टेबलावर ठेवून बोटाने फिरवलं. टक्. पुन्हा फिरवलं. टक्.

“हे आपल्या कुठल्याच ऑर्डरचं नाही. कोणी काढलं?”

मी तीन पावलांवर उभा होतो. हातात एक ड्रॉइंग होतं, ते मी डोळ्यांसमोर धरलं. उलटं धरलं होतं हे मला नंतर कळलं. तोंड उघडायला मी एक मोठा श्वास घेतला, आणि तो घेऊन नुसताच उभा राहिलो.

“माझं आहे साहेब,” काका म्हणाले. “घरच्या कामाचं.”

मॅनेजर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी चाक उचललं, तो घासलेला दात बघितला, मग काकांकडे बघितलं. “काका, हे तुम्ही काढलंत? तुम्ही?”

“हो साहेब. हात चुकला.”

बावीस वर्षांत त्या माणसाने हे दोन शब्द कधी उच्चारले नव्हते. मी कधी ऐकले नव्हते, कोणीच ऐकले नव्हते. मॅनेजरांचा आवाज एकदम मऊ झाला. “डोळे तपासून घ्या. वय झालं की होतं असं.” बस, एवढंच. पितळेबद्दल एक साधी समज दिली, जेवणाच्या सुट्टीतली कामं बंद झाली. आणि दिवाळीला पांढरा कोट दुसऱ्या विभागातल्या एका माणसाला मिळाला, ज्याला व्हर्नियर उलटा धरलाय की सुलटा हे विचारावं लागायचं. काका निळ्यातच निवृत्त झाले.

त्या सोमवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. टूलरूममध्ये आम्ही दोघंच होतो. “काका,” मी सुरुवात केली.

“बोला साहेब,” ते म्हणाले. “काही काम होतं का तुमचं?”

आजूबाजूला कोणी नव्हतं. तरी अहोजाहो. मी म्हणालो, काही नाही. आणि परत आलो. पुढची तीन वर्षं ते मला साहेबच म्हणत राहिले. कळव्याचे रविवार बंद झाले. फुटका ट्रक पुन्हा माळ्यावर गेला, ह्या वेळी लपवायचं कारण नव्हतं, नजरेसमोर नको होता.

पुढे माझी भरभराट झाली, कारण अशा माणसांची होते. टूलरूम माझ्या हाताखाली आली. मला पांढरा कोट मिळाला. पहिल्याच दिवशी मी खिशात व्हर्नियर घातला आणि तो अर्धा इंच वर राहिला. दिवसभर मला तो टोचत होता. तरी मला कळव्याला जायला आणखी दोन वर्षं लागली. शेवटी बायकोनेच ट्रक माळ्यावरून काढला, पुसला, पिशवीत घातला आणि म्हणाली, “कुकरचं मी सोडून दिलं. हे तुम्ही सोडणार नाही. जा.”

काका गॅलरीत होते. काच तिथेच होती, भिंतीला टेकवलेली. मी बसलो आणि सात वर्षांचं सगळं एका दमात बोलून टाकलं. चाक माझं होतं, पितळ मी घेतलं, मी गप्प राहिलो, तुमचा कोट माझ्यामुळे गेला. वर मी घरून तयार करून आणलेलं एक वाक्यही होतं. “काका, तुम्हीच मऊ दात झालात आणि मला वाचवलंत.”

“काहीतरी पुस्तकी बोलू नका,” काका म्हणाले.

ते आत गेले आणि हातात काहीतरी घेऊन आले. ते पितळेचं चाक. सात वर्षं त्यांच्याकडे होतं. त्यांनी नख दातांवरून सरकवलं आणि एका ठिकाणी थांबले.

“विसाव्यापर्यंत चोख आहे. पुढे होल दिलं नाहीत.”

“चपलांचा आवाज आल्यासारखं वाटलं. वळून बघितलं, आणि मग...”

“माझ्याच चपला. मी दाराआड होतो.”

मी चाकावरची नजर उचलून त्यांच्याकडे बघितलं.

“सगळं बघत होतो. एकविसाव्या दाताला कळलं, हा होल विसरला. एक हाक मारली असती तर चाक सुधारलं असतं. पण राग आला होता. मला न विचारता, माझ्या मशीनवर, मी नको म्हटलेली गोष्ट. म्हटलं, कर. अठरा दात मी तुला चुकताना बघत उभा होतो.” ते तू कधी म्हणायला लागले हे त्यांच्याही लक्षात आलं नाही. “समोर उभं राहून चूक होऊ दिली, की ती बघणाऱ्याची. म्हणून माझं म्हटलं. तुझ्यासाठी नाही, शेफारू नकोस.”

“आणि कोट?”

त्यांनी चाक काचेशेजारी ठेवलं. “कोटाचं वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? शिंप्याला माप देऊन झालं होतं. पण त्याहून जास्त, तू संध्याकाळपर्यंत येऊन सांगशील असं वाटलं होतं.”

“दुपारी आलो होतो.”

“आला होतास. बोलला नाहीस.”

हे खरं होतं. त्यांनी पिशवीतून ट्रक काढला, फुटक्या डबीत बोट घालून बघितलं आणि विचारलं, “डबीचं मग बघू, आधी चाक. अजून ते मशीन आहे?”

पुढच्या शनिवारी मी त्यांना कारखान्यात घेऊन गेलो, रीतसर परवानगी काढून, नायलॉनच्या तुकड्यावर सही करून. बाहेरच्या पाहुण्यांना आत सोडताना आमच्याकडे एक नियम होता आणि तो तोवर कधी माझ्या लक्षात आला नव्हता. गेटवरच्या वॉचमनने खुंटीवरून एक पांढरा कोट काढून काकांच्या पुढे धरला. पाहुण्यांना पांढरा कोट सक्तीचा.

काकांनी तो घातला. बटणं लावली. दोन्ही खिशांत हात घालून बोटांनी तळ चाचपला.

“साडेपाच,” म्हणाले. “अजून अर्धा इंच कमीच आहे.”

टूलरूममध्ये जेवणाची सुट्टी होती. मी माझा कोट काढून ठेवला, बाह्या वर केल्या आणि मशीनशी उभा राहिलो. काकांना स्टूल दिलं तर ते बसले नाहीत, दारात जाऊन उभे राहिले. एक फेरी, एक होल. एक फेरी, एक होल. माझी पाठ त्यांच्याकडे होती. अठरा. एकोणीस. विसाव्याला माझा हात दांड्यावर नुसताच थांबला, कारण डोळ्यांसमोरचं काही दिसेना.

“होल दे रे,” दारातून आवाज आला.